नाशिकचे पाय, जूनचा बर्फ

कळसूबाई बारी गावातून अडीच तासांत चढणारी, हरिहरच्या कातळपायऱ्यांवर न डगमगणारी माणसं जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमालयातल्या हामटा पासच्या (मनालीजवळची खिंड) उतारावर पहिल्या दहा पावलांत आपटतात. दम कमी पडतो म्हणून नव्हे. सह्याद्रीने पायांना लावलेल्या बऱ्याचशा सवयी बर्फावर उलट्या पडतात म्हणून. शिवाय बर्फावर किती वाजता पाय ठेवायचा याला जे महत्त्व आहे, ते आपल्या कुठल्याच किल्ल्यावर नसतं. इथे उन्हाआधी चढून जायचं ते घाम वाचवायला. तिथे वेळ चुकली तर पायाखालची जमीनच बदलते.

नाशिकहून मे-जूनमध्ये हिमाचल-उत्तराखंडातल्या सार पास, हामटा, बुरान घाटी, रूपिन या खिंडींच्या बाजूंना बरेच जण जातात. कॉलेजच्या सुट्ट्या, इकडचा चाळिशीतला पारा आणि तिकडचा शिल्लक बर्फ हे सगळं एकाच वेळी जुळून येतं. पुढचं सगळं या काळापुरतं आहे, म्हणजे साधारण 15 मे ते जूनअखेर. डिसेंबर-जानेवारीतला केदारकंठा (उत्तराखंडातला हिवाळी ट्रेक) हा वेगळा विषय. तिथला भुसभुशीत ताजा बर्फ आणि हा, यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही.

आधी घड्याळ

जूनमधला बर्फ हिवाळाभर साठून दबलेला असतो. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी खाली झिरपतं, रात्री पुन्हा गोठतं. महिना-दीड महिना रोज हे झालं की त्याचे जाड दाणे होतात आणि वरच्या बाजूला वाटीएवढे खळगे पडतात. पहाटे हा थर इतका टणक असतो की टाच मारली तरी जेमतेम ओरखडा उठतो. ऊन लागल्यावर तासाभरात वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात आणि बूट छान पकड घेतो. अकराच्या सुमारास घोट्यापर्यंत पाय जातो, दुपारी एकनंतर गुडघ्यापर्यंत. म्हणजे चालायला चांगला काळ दिवसातून तीन-चार तासांचाच. खिंडीच्या दिवशी पहाटे तीन-चारला तंबू सोडायचे ते यासाठी. 'वाटाड्या उगाच घाई करतो' अशी कुरकुर गटात कोणीतरी करतंच, आणि नेमका तोच दुपारी कमरेपर्यंत रुतलेला असतो.

उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे, यावर हे वेळापत्रक पुढेमागे होतं. पूर्वेकडचा उतार सकाळी सातलाच मऊ व्हायला लागतो, पश्चिमेकडचा दुपारी, आणि उत्तरेकडचा उतार सावलीत असेल तर नऊ-दहापर्यंत काचेसारखा राहू शकतो. त्यामुळे फार लवकर पोहोचणंही धोक्याचं. चढताना बूट मस्त धरतो म्हणून खूश होऊन तुम्ही लवकर माथ्यावर येता आणि पलीकडच्या सावलीतल्या टणक उतारावर, पायात मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्या) नसताना, उतरायला लागता. चढाची आणि उताराची वेळ वेगवेगळी धरायची. गरज पडली तर माथ्यावर वाऱ्याआड अर्धा-पाऊण तास थांबून पलीकडचा बर्फ थोडा सुटू द्यायचा. फक्त तेवढं थांबण्याइतके गरम कपडे पाठपिशवीत वरच हवेत.

आदल्या रात्रीचं आकाशही बघून ठेवा. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असतानाही गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडते आणि पहाटे चारलाही पाय आत जातो. तंबूबाहेरच्या सपाट बर्फावर एका पायावर पूर्ण भार देऊन बघा. बूट तळव्यापुरता रुतला तर दिवस चांगला. घोटा बुडत असेल तर तीव्र उताराच्या वाटेचा पुन्हा विचार करा. पहाटेच नडगीपर्यंत गेला तर त्या दिवशी खिंड नाही. बाजूच्या उतारावरून बर्फाचे लहान-मोठे गोळे आपोआप गडगडत यायला लागले की वरचा थर पाण्याने जड झाला आहे, असं समजायचं. त्याच्याखालून आडवं जायचं नाही. अशी ओली हिमस्खलनं बहुधा दुपारीच होतात.

मे-जूनमध्येही हवा फिरते. पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारं वादळी हवामान, आला की 4,000 मीटरच्या वर पाऊस नाही, बहुधा बर्फच पडतो, सोबत वारा आणि शून्य दृश्यमानता. जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल वाटेवर वाटाड्यांसह 22 जणांच्या गटातले कर्नाटकातले 9 जण अशाच वादळात सापडून मरण पावले. पावसाळ्यातला सह्याद्री पाहिलेल्या माणसाला भिजण्याची भीती वाटत नाही, आणि तिथे तीच गोष्ट महाग पडते. भिजलेले कपडे, वारा आणि शून्याजवळचं तापमान एकत्र आलं तर शरीर गार पडायला दोन-तीन तास पुरतात. बोलणं अडखळायला लागलं, हातांनी झिप लावता येईना, की थांबून कोरडे कपडे घालायचे. 'पुढच्या मुक्कामावर बघू' असं अजिबात करायचं नाही.

पाय कसा टाकायचा

सह्याद्रीत दृष्टिभय असलेल्या, म्हणजे खालची खोली बघून भीती वाटेल अशा जागी आपण डोंगराकडे झुकतो आणि हाताने कातळ धरतो. बर्फावर डोंगराकडे झुकलात की शरीराचा भार बुटाच्या तळाला तिरका ढकलतो आणि पाय बाहेर सटकतो. बर्फावर ताठ उभं राहायचं, भार सरळ तळव्यांवर. ही एकच गोष्ट सुधारली तरी निम्मं काम होतं. सुधारायला मात्र वेळ लागतो, कारण घाबरल्यावर माणूस पुन्हा डोंगराला चिकटतोच.

चढताना गुडघ्यापासून पाय झुलवून बुटाचं टोक बर्फात मारायचं. दोन, फार तर तीन ठोके. पायरीत निम्मा बूट मावला पाहिजे आणि पायरी किंचित आतल्या बाजूला कललेली हवी, म्हणजे पाय बाहेर घसरत नाही. पुढच्याने पायऱ्या मारताना गटातल्या सर्वांत ठेंगण्या माणसाच्या पावलाचं अंतर धरायचं. मागच्यांनी त्याच पायरीत पुन्हा एक ठोका मारायचा, नुसतं पाऊल ठेवायचं नाही. त्याने पायरी खोल होत जाते. पुढे चालणारा दर दहा-पंधरा मिनिटांनी बदला, कारण पोटऱ्या फार लवकर भरून येतात. आडवं जाताना बुटाची डोंगराकडची कड बर्फात करवतीसारखी ओढत पाऊल टाकायचं आणि काठी डोंगराच्या बाजूच्या हातात ठेवायची.

उतरताना सवय आणखी उलटी. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, उतरताना आपण बूड मागे नेतो, फारच झालं तर बसून उतरतो. बर्फावर बूड मागे गेलं की टाच सुटते, आणि बसलात की घसरगुंडी सुरू. तिथे उलट पुढे यायचं. गुडघे थोडे वाकवून, पंजा वर उचलून, टाच जोरात आणि पूर्ण भाराने रोवायची. पहिल्या दहा पावलांत मन साथ देत नाही. पण बर्फ मऊ असेल तर टाच अशी बसते की आपल्यालाच आश्चर्य वाटतं. बर्फ टणक असेल तर हे करायचं नाही. तिथे मायक्रोस्पाइक घालून तळवा सपाट ठेवत उतरायचं.

सार पासवर मोठी हौस असते ती घसरत उतरण्याची. हौसेला हरकत नाही, पण उतार जिथे संपतो ती जागा वरून पूर्ण दिसली पाहिजे. ती सपाट असावी, खाली दगड, झाड किंवा नाला नसावा. मायक्रोस्पाइक आधी काढून ठेवायचे. घसरताना एक दात बर्फात अडकला तरी घोटा मोडतो. पाठपिशवीचे पट्टे आवळून घ्यायचे आणि काठीची दोरी मनगटातून काढायची.

उताराचा कोन डोळ्याने नेहमीच जास्त किंवा कमी दिसतो, म्हणून मोजायला शिका. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक बर्फावर उभी धरा, दुसरी तिच्या वरच्या टोकापासून आडवी डोंगराकडे न्या. आडव्या काठीचं टोक नेमकं उताराला टेकलं तर उतार 45 अंश. आडवं अंतर उभ्याच्या दुप्पट भरलं तर सुमारे 27 अंश. घरातला जिना साधारण 30 ते 35 अंशांचा असतो, आणि तेवढ्या उतारावर टणक बर्फात पाय सुटला तर स्वतःहून थांबणं फार अवघड. पण कोनापेक्षाही खाली काय आहे ते आधी बघायचं. 35 अंशांच्या उताराखाली लांबलचक सपाट बर्फ असेल तर घसरणं हा विनोद ठरतो. 25 अंशांच्या उताराखाली कडा किंवा नाला असेल तर तो ठरत नाही.

पाय सुटलाच तर पहिल्या एक-दोन सेकंदांत काय कराल तेच कामाला येतं, नंतर वेग वाढलेला असतो. हातात आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) नसेल तर लगेच पोटावर वळा, पाय खालच्या दिशेला आणा, दोन्ही हातांनी छाती वर ढकला आणि बुटांची टोकं बर्फात रुतवा. पायात मायक्रोस्पाइक असतील तर पंजे वर ठेवून गुडघ्यांनी रोखायचं, नाहीतर दात अडकून उलटी कोलांटी बसते. पहिल्या बर्फाळ मुक्कामावर सुरक्षित, छोट्या उतारावर हे आठ-दहा वेळा करून बघा. कपडे ओले होतील म्हणून टाळू नका, फक्त दुपारी ऊन असताना करा.

बर्फाखालची पोकळी

सरळ दिसणारा पांढरा पट्टा खाली भरीव असेलच असं नाही. मोठ्या दगडांच्या कडेने बर्फ आधी वितळतो, कारण गडद दगड ऊन शोषतो, आणि वरून पातळ कवच तेवढं उरतं. बर्फातून डोकावणाऱ्या प्रत्येक दगडापासून, भोजपत्राच्या किंवा जुनिपरच्या झुडपापासून दीड-दोन मीटर लांबून जायचं. दमलेली माणसं नेमकी टेकायला त्याच दगडाकडे जातात. पाय मांडीपर्यंत आत गेला तर झटक्याने ओढायचा नाही. बूट आत राहतो नाहीतर गुडघा मुरगळतो. मागे बसून भार पसरायचा, काठीने किंवा दुसऱ्या टाचेने भोवतीचा बर्फ उकरायचा आणि पाय सरळ वर काढायचा.

याहून गंभीर प्रकार म्हणजे नाल्यावरचा बर्फाचा पूल. रूपिनच्या वाटेवर मे-जूनमध्ये असे पूल ठिकठिकाणी लागतात आणि सोयीचे असतात. खालून पाणी वाहतं, पाण्याने आणि हवेने थर खालून खरवडला जातो, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. पुढच्या किंवा मागच्या टोकाला जिथे पूल तुटलेला आहे तिथे जाऊन थराची जाडी बघा. गुडघ्याएवढाच थर उरला असेल तर त्यावर पाय ठेवू नका. मधोमध खोलगट झालेला, भेगा पडलेला किंवा आजूबाजूपेक्षा करडा-निळसर दिसणारा भाग टाळा. पायाखालून पाण्याचा आवाज स्पष्ट येत असेल तर तोच पुरेसा इशारा आहे. ओलांडायचाच असेल तर सकाळी, एकेकाने, पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून. कालच्या पावलांचे ठसे दिसतात म्हणून पूल पक्का, असं मानू नका. ते ठसे काल सकाळी सातचे असतील आणि आता दुपारचे दोन वाजलेले असतील.

नाला बर्फाने भरला की त्याच्या मधोमध चालण्याचा मोह होतो, कारण तीच सर्वांत सपाट जागा. पण पाणीही तिथेच असतं. शक्यतो कडेच्या उतारावरून जा. मात्र कडेला बर्फ आणि जमीन यांच्यामध्ये फट असते, ती ओलांडताना काठीने टोचून बघा.

उघड्या नाल्यांचं गणित सोपं. बर्फ वितळल्याचं पाणी सकाळी सर्वांत कमी आणि दुपारी तीन-चारनंतर सर्वांत जास्त असतं. हामटाच्या वाटेवर चिकाच्या मुक्कामाहून बालू का घेराच्या मुक्कामाकडे जाताना ओलांडायचं पाणी सकाळी पोटरीला लागतं आणि संध्याकाळी मांडीला. बूट काढून सँडल घाला, अनवाणी उतरू नका. पाय बधिर झाले की दगड कळत नाहीत. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी समोर, आणि दोन टेकू पक्के असतील तेव्हाच तिसरा उचलायचा.

बर्फ संपला की रान

खिंड उतरल्यावर माणूस सैल पडतो, आणि वाटा चुकतात त्या बहुतेक इथे. बर्फाचे तुटक पट्टे आणि त्यांच्यामधली नुकती उघडी पडलेली, चिखलाळ जमीन. त्याखाली 2,500 ते 3,300 मीटरच्या पट्ट्यात जूनमध्ये झपाट्याने वाढणारं गचपण. हिवाळ्यात पडलेली झाडं, दरडी आणि हिमस्खलनाने आणून टाकलेला लाकूडफाटा अजून कोणी हलवलेला नसतो. त्या मोसमात पहिले जाणारे तुम्हीच असाल तर वाट मळलेली नसणारच.

नाशिककरांची इथे एक खास अडचण होते. सराव आपण मार्च ते मेमध्ये करतो आणि त्या काळात सह्याद्रीतल्या वाटा लख्ख दिसतात. गवत वाळलेलं किंवा जळालेलं, कारवीला पानं नाहीत, धारेवरची पायवाट अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येते. बुजलेली वाट वाचायचा सराव ऑक्टोबरमध्ये होतो, जेव्हा कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगरांवर गवत छातीला लागतं आणि कारवीच्या जाळीत दोन हातांवरचं दिसत नाही. मे-जूनमध्ये हिमालयात जायचं असेल तर आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन-तीन ट्रेक आडवाटेचे करा. पुढे कधीतरी त्याचा उपयोग होतोच.

बुजलेली वाट पायाखाली शोधायची नाही, वीस-तीस मीटर पुढे शोधायची. जवळून सगळं गवत सारखंच दिसतं. लांबून बघितलं की झुडपांच्या शेंड्यांमध्ये एक अरुंद खाच, उतारावर आडवी गेलेली सपाट रेघ, घासून गुळगुळीत झालेला दगड, जुनी तोडलेली फांदी दिसते. माणसांची वाट चढ एकसारखा ठेवते आणि धारेच्या सोंडेवरून वळसे घेते. ढोरवाट सारख्या उंचीवरून आडवी पळते, फाटे फोडते आणि चरण्याच्या जागी विरून जाते. हिमालयात गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्यांच्या वाटा अशाच फसवतात. नुसत्या लेंड्या दिसल्या तर खात्री धरू नका. खेचराची लीद दिसली तर निर्धास्त जा. खेचर लादून नेता येतं म्हणजे वाट कुठेतरी मुक्कामाला पोहोचते. पडलेल्या झाडाला वळसा घालून गेलेली नवी पाऊलवाटही फसवी असते. वळसा संपला की मूळ वाट पुन्हा पकडायची विसरतो आणि तोच वळसा पुढे ओढ्यात घेऊन जातो.

बर्फाचा पट्टा ओलांडताना पाय टाकण्याआधीच पलीकडे वाट कुठे निघते ते हेरून ठेवा. ती बहुधा त्याच उंचीवर असते. बर्फावर आपण नकळत खाली-खाली सरकतो, पलीकडे निघतो तेव्हा वाट दहा-पंधरा मीटर वर राहिलेली असते आणि आपण खालच्या झुडपांत तिला शोधत बसतो. म्हणून मुद्दाम थोडी उंची वर धरून ओलांडा. पलीकडे वाट सापडली नाही तर शोध वरच्या बाजूने सुरू करा.

वाट गेलीच तर शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे या. 'ओढ्याने खाली उतरू, कुठेतरी निघेलच' हा विचार दोन्ही डोंगरांत सारखाच घातक. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक असल्याने बरीचशी नाळ (अरुंद घळ) कुठे ना कुठे कड्यावर येऊन तुटते. हिमालयात मुख्य दरी हिमनदीने खोल कोरलेली आणि बाजूच्या दऱ्या वर लटकत राहिलेल्या, त्यामुळे बाजूचा ओढा बऱ्याचदा शेवटी धबधबा होऊन खाली उतरतो.

या पट्ट्यात बिच्छू घास, म्हणजे लागली की आग करणारी वनस्पती, भरपूर. पानांवर आणि देठांवर बारीक काटेरी केस असतात, कापडावरून घासली तरी पातळ पँटमधून लागते. पूर्ण लांबीची जाड पँट आणि फुल बाह्या एवढाच इलाज. लागली तर चोळू नका. पाण्याने धुवा, चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे रुतलेले केस निघतात. आग काही तासांनी आपोआप शमते. खाजकुयलीइतकी हैराण करत नाही, एवढंच समाधान.

फोनमधल्या जीपीएक्सबद्दल (जीपीएसने नोंदवलेल्या वाटेची फाइल) एक सूचना. सप्टेंबरमध्ये नोंदवलेला माग जूनमध्ये तुम्हाला बर्फाखालच्या ओढ्यावर किंवा तीव्र उताराच्या मधोमध नेतो, कारण तेव्हा तिथे पायवाट होती. जूनमध्ये नोंदवलेला माग सप्टेंबरमध्ये सरळ नदीत जातो, कारण तेव्हा तिथे बर्फ होता. माग डाउनलोड करताना तारीख आधी बघा. सोबत कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) असलेला नकाशा असू द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतात. या प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे 50 मीटर. कंटूर 40 मीटरचे असतील आणि दोन रेषांमध्ये 1 मिलिमीटर अंतर दिसलं तर उतार सुमारे 39 अंश, 2 मिलिमीटर दिसलं तर सुमारे 22. घरी बसून वाटेवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या की कुठे वेळ पाळायची ते आधीच कळतं. थंडीत बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं संदेशयंत्र भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशातल्या भावाने दिलं म्हणून घेऊन जाऊ नका.

उंची आणि सामान, थोडक्यात

नाशिक सुमारे 600 मीटरवर, कळसूबाई 1,646 मीटर. इथे कितीही चढलात तरी उंचीची सवय होत नाही, होते ती फक्त पायांची तयारी. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं सांगतात. हामटाचं बघा: मनाली 2,050, चिका 3,100, बालू का घेरा 3,600, मग 4,270 मीटरची खिंड ओलांडून शिया गोरू 3,900. यात मनाली ते चिका ही उडी सर्वांत मोठी आहे. म्हणून मनालीत निदान एक, जमलं तर दोन रात्री काढा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्या उंचीच्या वर जायचं नाही. चाल अडखळणं, बसल्या जागी धाप किंवा फेसाळ खोकला असेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर नाशिकमधून निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

बूट घोटा झाकणारे आणि तळ ताठ असलेले हवेत. हातांनी टोक-टाच वाकवून बघा, सहज दुमडत असेल तर त्याने बर्फात पायरी मारता येणार नाही. कापडी हंटर शूज सह्याद्रीत ठीक, पण तिथे कापड भिजून दुसऱ्या तासाला बोटं बधिर होतात. गुडघ्यापर्यंतचे गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारी पायवेष्टनं) घ्या. मायक्रोस्पाइक घरीच बुटावर चढवून बघा. रबर सैल असेल तर आडव्या चालीत ते फिरून बुटाच्या वर येतात. ओल्या बर्फात त्यांच्या दातांत गोळे साठतात, दर काही पावलांनी काठीने बुटाला टोला द्या. काठीला रुंद चकती नसेल तर ती मुठीपर्यंत आत जाते, आपली बांबूची काठी तिथे याच कारणाने कुचकामी. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा.

गॉगल ही चैन नव्हे. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि बर्फ त्यातली बरीचशी परत वर फेकतो. बाजूने बंद असलेला, तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा (कॅटेगरी 3 किंवा 4) गॉगल घ्या. चष्मा असेल तर त्यावर बसणारा. डोळे भाजल्याचं लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, तिथे ऊन खालून येतं. खाण्यात राजगिऱ्याचे लाडू, बेदाणे, खाकरे उत्तम. चिक्की थंडीत दात मागते.

इथे काय करता येतं

आठ ते दहा आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यातून तीन दिवस पाच किलोमीटर पळणं, 35-40 मिनिटांत, आणि दोन दिवस पांडवलेणी किंवा चामरलेणीच्या पायऱ्या, पहाटे पाचला, पाठीवर सहा ते आठ किलो घेऊन. आठवड्याच्या शेवटी एक मोठा चढ. बारीतून कळसूबाई त्यासाठी सोयीची, कारण आठशे-नऊशे मीटर सलग चढ आणि तेवढाच उतार मिळतो, खिंडीच्या दिवसाला तेवढंच लागतं. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीही चालतील. उतरताना घसाऱ्यावर हात न टेकता, ताठ, टाच रोवून उतरायचा सराव करा, जिथे पडलं तरी फार तर खरचटेल अशा जागी. बर्फावरच्या चालीच्या सर्वांत जवळ जाणारा सराव नाशिकमध्ये हाच. हरिहरचा उपयोग दृष्टिभय मोडायला, दमासाठी नाही. बर्फाचं खरं शिक्षण हवं असेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था किंवा उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था यांचा बेसिक कोर्स करा. जवळपास महिना जातो, पण आइस ॲक्स हातात कशी धरायची ते यूट्यूबवर येत नाही.

आणि तिकिटं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 5 जूनच्या, दिल्लीकडे जाणाऱ्या पंजाब मेलचं किंवा मंगला एक्सप्रेसचं तिकीट काढताना एप्रिलचा पहिला आठवडा असतो आणि त्या वर्षी बर्फ किती उरणार हे कोणालाच माहीत नसतं. ज्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये उशिरा बर्फ पडला असेल, त्या वर्षी खिंड आठ-दहा दिवस मागे ढकललेली बरी. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका, निदान दोन दिवस मोकळे ठेवा. पहाटे चारला नडगीपर्यंत पाय जात असताना 'आज थांबू' असं म्हणवत नाही, त्यामागे बहुतेक वेळा दिल्लीहून निघणारी गाडीच असते. ते दोन दिवस उरले तर मनालीत बूट वाळवायला आणि भाजलेलं नाक सोलून निघायला कामी येतात.